कामिसोरीसाठी दगड: क्योतोच्या खाणीतला घ्यावा की कारखान्यातला?

जुना जपानी वस्तरा, म्हणजे कामिसोरी, हातात आली की आठवड्याभरात धार लावायच्या दगडाचा प्रश्न येतोच. क्योतोच्या डोंगरातला नैसर्गिक दगड घ्यायचा की नानिवा, शाप्टन, किंग अशा जपानी ब्रँडचा, कारखान्यात बनलेला? मी दोन्ही घेतले, पण उलट्या क्रमाने घेतले आणि त्यात पैसे गेले, म्हणून हे सांगतोय.

कामिसोरी दुमडत नाही, दांडा नि पातं सलग, दांड्याला बऱ्याचदा वेत गुंडाळलेला. मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडलेलं असतं आणि पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची, कोन आपोआप सांभाळला जातो, पण त्यासाठी दगड अगदी सपाट हवा. दगडावर पेन्सिलीने चौकटी काढा, पाणी टाकून डायमंड प्लेटने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पट्टीने, घासा, मधल्या रेघा राहिल्या म्हणजे तिथे खोलगट आहे, सगळ्या जाईपर्यंत घासत राहा. हे दोन्ही प्रकारच्या दगडांना करावं लागतं.

कारखान्यातल्या दगडाचं सुख म्हणजे त्यावर नंबर असतो. शाप्टनच्या हिशोबात 1000 म्हणजे साधारण 15 मायक्रॉनचा कण, 8000 म्हणजे दोनच्याही आत, 12000 म्हणजे सव्वाच्या आसपास. टवके उडाले असतील तरच 1000 वर जा, नाहीतर 5000, 8000, 12000 आणि झालं. दगड सगळीकडे एकसारखा, त्यामुळे धार बिघडली तर चूक आपल्या हाताची हे पक्कं कळतं. एक सांभाळा, काही दगड आधी भिजवावे लागतात आणि काहींना नुसतं वर पाणी शिंपडलं की पुरतं. असाच एक न भिजवायचा मी रात्रभर बादलीत ठेवला, सकाळी चीर!

आता क्योतोचा. नाकायामा, ओझुकु ही खाणींची नावं कानावर येतीलच, पण तिकडच्या बहुतेक खाणी कधीच्या बंद झाल्यात त्यामुळे बाजारात फिरतोय तो बराचसा जुना साठा आणि भाव त्याप्रमाणे. नंबर नसतो, प्रत्येक दगडाचा स्वभाव वेगळा. त्यावर नागुरा नावाचा छोटा दगड, पारंपरिक म्हटला तर आइची प्रांतातल्या मिकावाचा, सहाणेवर चंदन उगाळतो तसा उगाळायचा. नागुराचे प्रकार बोतान, तेंजो, मेजिरो, कोमा, असा खरखरीत ते बारीक क्रम, मग गाळ पातळ करत करत शेवटचे स्ट्रोक साध्या पाण्यावर. मऊ लोखंड धुकट दिसायला लागतं आणि कडेचं पोलाद चमकतं, ते बघत बसावंसं वाटतं खरं. दाढीतही फरक कळतो, 12000 ची धार जरा करकरीत लागते, ही मानेवर मऊ जाते आणि नंतर आग कमी होते. निदान माझ्या कातडीला तरी.

मग आधी कारखान्यातलाच का? मी पहिला घेतला तो नैसर्गिक, त्यात एक काळसर रेघ होती, विकणारा म्हणाला काही होत नाही. तीन महिने दर वेळी धारेला बारीक खाचा पडायच्या आणि मी स्वतःच्या हाताला शिव्या घालत बसलो. शेवटी साधा 8000 आणला, एका संध्याकाळी स्वच्छ धार! चांगली धार कशी लागते हेच माहीत नसेल तर वाईट दगड ओळखणार कसा?

नैसर्गिक दगडाच्या बाजू सील कराव्या लागतात, नाहीतर थरांत पाणी शिरून तो फुटू शकतो. जपानी लोक त्यासाठी काशू नावाचा रंग वापरतात, तो काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतो. होय, आपल्या कोकणात काजू सोलताना हात पोळतात तेच तेल!

रोजचं काम दोन्हीकडे सारखंच, दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस फेऱ्या, नंतर कोरडं पुसून त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं, तेल, पावसाळ्यात तर एकही दिवस चुकवू नका. एवढं जमणार नसेल तर फेदर कंपनीचा ब्लेड बदलायचा वस्तरा घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि पुढे कधी क्योतोचा घ्यायला गेलातच तर दगड ओला करून रेघेवर आडवं नख फिरवा. अडकलं तर तिथेच ठेवून या.