टिपट्रॉनिक की पीडीके? जुन्या आणि नव्या ९११ चे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चालवून बघितल्यावर

नव्या गिअरबॉक्सचं कौतुक सगळे एकाच गोष्टीवरून करतात, वरचा गिअर किती झटकन पडतो यावरून. माझं मत वेगळं आहे. जुन्या (टिपट्रॉनिक) आणि नव्यातला (पीडीके) खरा फरक ब्रेक मारताना कळतो, वळणाच्या आधी गिअर खाली येतो तेव्हा. वर जाताना जुना गिअरबॉक्सही बरा वाटतो, पण खाली येताना मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि स्पोर्ट्स कारमध्ये माझ्या मते तेच महत्त्वाचं.

आधी कुठल्या गाड्या ते सांगतो. मी स्टुटगार्टजवळ राहतो, पोर्शेची फॅक्टरी इथे त्सुफेनहाउझनलाच, त्यामुळे त्यांची जुनी ९११ ही स्पोर्ट्स कार (९६४, ९९३, ९९६, ९९७, ९९२ ही तिच्या पिढ्यांची नावं) बाळगणारी माणसं ऑफिसात आणि शेजारीपाजारी सापडतात आणि थोडी ओळख झाली की चालवायलाही देतात. एक ९९६ करेरा (करेरा म्हणजे ९११ चं मूळ मॉडेल), ३.४ लिटर इंजिन, ३०० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), पाच गिअरचा टिपट्रॉनिक एस. दुसरी ९९७ ची दुसरी आवृत्ती, म्हणजे २००८ नंतरची, ३.६ लिटर, ३४५ पीएस आणि सात गिअरचा पीडीके. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. दोन्ही गाड्या मी त्याच रस्त्यांवर चालवल्यात, ए८१ ऑटोबान, ब्लॅक फॉरेस्टमधला बी५०० (बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणारा, मुमेलझेच्या बाजूने) आणि शहरात नेकारटोरचा तो रोजचा कंटाळवाणा ट्रॅफिक.

आता थोडं आतलं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. टिपट्रॉनिक म्हणजे मुळात नेहमीचाच टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल, तेलातून ताकद पुढे जाते, त्यामुळे धक्का बसत नाही पण थोडी ताकद तेलातच जिरते. पोर्शेने हा पहिल्यांदा ९६४ मध्ये, १९९० च्या सुमारास दिला, तेव्हा चारच गिअर होते, पण डोकं त्या काळासाठी खरंच चांगलं होतं, तुम्ही कसे चालवताय ते बघून पाच वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून निवड करायचा आणि वळणाआधी ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला तर उगाच वरचा गिअर टाकायचा नाही. लिव्हर बाजूच्या खाचेत नेऊन पुढे-मागे ढकलून स्वतः गिअर बदलायची सोय ही पण तिथलीच, आज साध्या हॅचबॅकमध्येही असते ती. ९९३ मध्ये स्टिअरिंगवर बटणं आली आणि ९९६ मध्ये पाच गिअर. करेरामध्ये गिअरबॉक्स झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा होता आणि टर्बोमध्ये मर्सिडीजचा, कारण टर्बोचा टॉर्क झेपायला दणकट काहीतरी हवं होतं.

पीडीके वेगळाच प्राणी. दोन क्लच, दोन शाफ्ट, एकावर एक-तीन-पाच-सात आणि दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तिसऱ्यात चालवत असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. खो-खोमध्ये बसलेला गडी जसा आधीच पवित्रा घेऊन असतो आणि खो मिळाल्या मिळाल्या सुटतो, तसंच. ही कल्पना पोर्शेने ऐंशीच्या दशकातच रेसिंगमध्ये आणली होती, १९८६ ला मोंझाची शर्यत डेरेक बेल आणि हान्स-योआखिम श्टुक यांनी पीडीकेवाल्या ९६२ या रेसिंग कारमधून जिंकली पण होती. पण तो जड होता आणि तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक्स त्याला पुरं पडत नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स पहिल्यांदा फोक्सवॅगनने २००३ ला गोल्फ आर३२ मध्ये आणला आणि ९११ ला तो मिळायला २००८ उजाडलं.

बी५०० वर ९९६ घेऊन वळणाकडे येताना काय होतं ते सांगतो. डी मध्ये आहात, ब्रेक मारता, गिअरबॉक्स आपला चौथ्यातच बसलेला, तुम्ही वळता, वळणाच्या मध्यावरून बाहेर पडायला ॲक्सिलरेटर दाबता आणि अर्धा क्षण काहीच होत नाही, मग एकदम दोन गिअर खाली, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर, आणि हे सगळं गाडी अजून वळलेली असताना. ९११ चं इंजिन मागे, वजन मागे, अशा गाडीला वळणाच्या मधोमध असा झटका नको असतो. म्हणून तुम्ही अंगठ्याने मायनसचं बटण आधीच दाबायला शिकता. त्याने बरंच सुधारतं, मी तर म्हणेन की ९९६ टिपट्रॉनिक मॅन्युअल मोडमध्येच चालवावी, पण बटण दाबल्यापासून गिअर पडेपर्यंत एक थांबा आहे आणि आरपीएम जरा जास्त वाटला तर तो सरळ नकार देतो. मग तुम्ही ब्रेक थोडा आधी मारायला लागता, गाडीच्या तालाने चालवायला लागता. गाडी संथ होत नाही, पण वळणावरून निम्मं लक्ष गिअरबॉक्सकडे जातं.

तेच वळण ९९७ पीडीके. स्पोर्ट मोड. ब्रेक मारला की चार-तीन-दोन स्वतःहून, प्रत्येक वेळी इंजिनचा आरपीएम स्वतः जुळवून, मागच्या चाकांना जराही हिसका न देता, आणि हे सगळं स्टिअरिंग वळवायच्या आधी आटपलेलं. वळणात शिरताना योग्य गिअर हातात आहे याची खात्री असते. ही खात्री मिळाली की तुम्ही डोळे उचलून पुढचं वळण बघता, गाडीचं नाक कुठे आहे ते जाणवायला लागतं, टायरचं बोलणं ऐकू येतं. मला पीडीकेबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं. आरपीएम जुळवायला मॅन्युअलमध्ये टाच आणि चवडा एकाच वेळी वापरावा लागतो, ते तंत्र कमवायला माणसं वर्षं घालवतात, इथे ते अनोळखी रस्त्यावर पावसातही दरवेळी नीट होतं.

आकडेही बघा, फार बोलके आहेत. पोर्शेच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर : ९६४ करेरा २ मॅन्युअल ५.७ सेकंद, टिपट्रॉनिक ६.६. ९९६ मॅन्युअल ५.२, टिपट्रॉनिक ६.०. म्हणजे ऑटोमॅटिक घेतला की जवळपास एक सेकंद गेला, वर वजनही जास्त. आणि नंतर २००८ ची करेरा, मॅन्युअल ४.९, पीडीके ४.७, स्पोर्ट प्लस मोड लावून लाँच कंट्रोलने (उभ्या गाडीतून जोरात सुटायची सोय) ४.५. करेरामध्ये पहिल्यांदाच ऑटोमॅटिक घेणारा पुढे गेला. पेट्रोलही कमी, १०० किलोमीटरला १०.३ च्या जागी ९.८ लिटर, कारण सातवा गिअर फक्त आरामात पळायला आहे, टॉप स्पीड सहाव्यातच मिळतो.

पण म्हणून टिपट्रॉनिकला शिव्या घालणाऱ्यांशी मी सहमत नाही. शहरात तो आजही पीडीकेपेक्षा गोड आहे. नेकारटोरला गाडी इंच-इंच सरकते तेव्हा ९९६ तेलावर तरंगत पुढे जाते, हलक्या पायाने सुटलात तर तो दुसऱ्या गिअरमध्येच सुटतो, अजिबात हिसका नाही. पीडीके त्याच ट्रॅफिकमध्ये वाईट नाही, पण अगदी हळू वेगात, विशेषतः पार्किंगच्या चढावर रिव्हर्स घेताना क्लच धरू की सोडू असं करतो ते जाणवतं. ऑटोबानवर दीडशेने तासन्‌तास जायचं असेल तर दोन्ही सारखेच, तिथे फरक शोधायला जाऊ नका.

दोघांच्या मधल्या काळात जे आलं त्याबद्दल थोडक्यात. एकच क्लच, मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला हायड्रॉलिक पंप, असा प्रकार. फेरारीने १९८९ ला फॉर्म्युला वनमध्ये पॅडल आणले, त्यांच्या ड्रायव्हरने, मॅन्सेलने, ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली, मग १९९७ ला एफ३५५ मध्ये तेच रस्त्यावर. बीएमडब्ल्यूचं एसएमजी, ई४६ एम३ मध्ये, ८० मिलिसेकंदात गिअर बदलतो असा दावा. रेड लाइनला फुल थ्रॉटलमध्ये हे मस्त वाटतात, पण बाकीच्या वेळी मान पुढे-मागे. लॅम्बोर्गिनी २०११ च्या अव्हेंटाडोरमध्येही एकाच क्लचवर राहिली, शेवटी तिच्या जागी आलेल्या रेव्हुएल्टोमध्ये दोन क्लच आले. सेकंडहँड घेणार असाल तर माझ्या मते टिपट्रॉनिक या सगळ्यांपेक्षा शहाणपणाचा. ई४६ एसएमजीचा पंप बिघडतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि कितीतरी लोक ती गाडी मॅन्युअल करून घेतात, यातच काय ते आलं.

आणि गंमत बघा, जुना टॉर्क कन्व्हर्टर मेला असं वाटत असताना तोच परत आला. बीएमडब्ल्यूने २००८ पासून एम३ मध्ये दोन क्लच दिले, आणि पुढे २०१७ च्या एम५ मध्ये आणि नंतरच्या एम३-एम४ मध्ये परत आठ गिअरचा झेडएफचा टॉर्क कन्व्हर्टर. टोयोटा सुप्रातही त्याच कुळातला. यात कन्व्हर्टर फक्त गाडी सुटताना काम करतो, लगेच लॉक होतो, मग पुढे ताकद थेट चाकांना. गिअर जवळजवळ, सॉफ्टवेअर वीस वर्षांनी पुढचं. म्हणजे ९९६ मध्ये जे खटकतं त्याचा दोष टॉर्क कन्व्हर्टरचा कमी आणि पाचच गिअर आणि तेव्हाच्या कंप्युटरचा जास्त, असं माझं ठाम मत झालंय. तरीही जोरात ब्रेक मारून वळणात शिरताना सध्याचा आठ गिअरचा पीडीके, २०१९ पासूनच्या ९९२ मधला, मला सगळ्यात वरचा वाटतो. २०१९ ची ९९२ करेरा एस स्पोर्ट क्रोनोसकट (जास्त स्पोर्टी मोड देणारं ऑप्शनल पॅकेज) साडेतीन सेकंदात शंभरला पोचते पण मला त्या आकड्यापेक्षा तिचं डी मध्ये ठेवूनही मनातला गिअर ओळखणं जास्त भावलं.

भारतात बसून हा फरक अनुभवायचा असेल तर ९११ लागत नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये २०२२ ला गाडी आली तेव्हापासून १.० ला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचवाला) होता, दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी घ्या आणि ब्रेक मारून गिअर खाली कसे येतात तेवढंच बघा. एक काळजी मात्र घ्या, त्या डीएसजीचे क्लच कोरडे आहेत, पीडीकेचे तेलात बुडालेले. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती दोन्हींना घातक, पण कोरड्याला फारच.

सेकंडहँड ९११ बघताय त्यांच्यासाठी. ९९६ टिपट्रॉनिक बघताना गाडी थंड असताना डी आणि आर टाका, किती वेळाने पकडतो ते बघा, मग साठ-सत्तरच्या स्थिर वेगात थरथर जाणवते का बघा, जाणवली तर कन्व्हर्टरच्या लॉकअपवर संशय घ्या. तेल कधीच बदलायला लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, या वयाच्या गाडीचं तेल आणि फिल्टर बदललाय याचं बिल मागा. पीडीकेत दोन वेगळी तेलं असतात, एक क्लच आणि हायड्रॉलिकचं आणि एक गिअरचं, दोन्हींची नोंद हवी. गाडी पूर्ण गरम झाल्यावर चढावर रिव्हर्स घेऊन बघा आणि गिअरबॉक्सचे जुने एरर वर्कशॉपमध्ये काढून घ्या, कारण आतला सेन्सर गेला की काही ठिकाणी आख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगतात आणि तो खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो. आत उघडून दुरुस्ती करणारे स्वतंत्र लोक आता आहेत, आधी त्यांचं मत घ्या.

माझी निवड विचाराल तर ९९७ ची दुसरी आवृत्ती, पीडीके, स्पोर्ट क्रोनोसकट. फक्त सुरुवातीच्या गाड्यांचं स्टिअरिंग बघून घ्या, त्यात पॅडल नाहीत, सरकणारी बटणं आहेत, अंगठ्याने पुढे ढकललं की वर आणि मागून बोटाने ओढलं की खाली, दोन्ही बाजूंना तेच, आणि घाईत हात हमखास गोंधळतो. पॅडलवालं स्टिअरिंग नंतर ऑप्शन म्हणून आलं, ते असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या, नाही मिळाली तर स्टिअरिंग नंतर बदलूनही घेता येतं, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका.