व्हॉल्व्ह गाइडचा प्ले मापण्यासाठी स्मॉल होल गेजचा संच: घ्यावा का, आणि कसा वापरावा

व्हॉल्व्ह गाइड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडर हेडमधली (पुढे नुसतं हेड) नळी. तिच्यात व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, वर-खाली सरकते, आणि दोघांमधली मोकळी जागा म्हणजे प्ले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मोजमापाची साधनं विकणाऱ्या दुकानांत स्मॉल होल गेजचा चार नगांचा संच सहज मिळतो. मापं ३ ते ५, ५ ते ७.५, ७.५ ते १० आणि १० ते १३ मिमी. मोटारीच्या हेडसाठी मधले दोनच लागतात: ५.५, ६ आणि ७ मिमी स्टेमला दुसरा, जुन्या ८ मिमी स्टेमला तिसरा. हेडचं काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजकडे हा संच असावा असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हॉल्व्ह बोटांनी हलवून ‘गाइड गेली’ म्हणण्याची पद्धत इतकी रुळली आहे की चांगल्या गाइड बदलल्या जातात आणि गेलेल्या तशाच राहतात.

अर्थात गेज वापरायचा तर हेड उतरवावं लागतं, म्हणून आधी गाडी काय सांगते ते पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा, म्हणजे ऑइल जळल्याचा, धूर सोडते आणि मिनिटभरात थांबते, तेव्हा पहिला संशय स्टेमवर ऑइल अडवणाऱ्या, कडक झालेल्या सीलवर. सायनच्या सिग्नलला पाच मिनिटं आयडलवर उभी राहून निघताना भपकन निळा धूर, किंवा बोरघाट गिअरमध्ये उतरून खोपोलीला पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना तसाच धूर, तर इनटेक गाइड आणि सील दोन्ही तपासा. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम जास्त असतो आणि तो स्टेमच्या कडेनं ऑइल खाली ओढतो. चढावर, लोड असताना सतत धूर आणि ऑइल भरण्याच्या झाकणातून जोराचा वारा, ही बहुधा पिस्टनच्या रिंगांची गोष्ट. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणारा) आणि टर्बो असल्यास त्याचं सील, हे दोन्ही हेडला हात लावण्याआधी तपासून संशयातून वगळा.

मॅनिफोल्डला जोडलेला व्हॅक्यूम गेजही खूप सांगतो. आयडलला काटा भराभर थरथरतो आणि आरपीएम वाढवल्यावर स्थिर होतो, तेव्हा इनटेक गाइड ढिल्या असण्याची शक्यता मोठी. लीकडाउन टेस्टवर (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते पाहणं) मात्र इथे विसंबू नका. व्हॉल्व्ह बंद असताना सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) धरते, गाइड कितीही झिजलेली असो. आकडा बिघडतो तो गाइड ढिली होऊन व्हॉल्व्ह तिरका बसायला लागल्यावर, म्हणजे उशिरा.

आता स्मॉल होल गेज. याच्यावर आकडे नसतात. टोकाचा दुभंगलेला गोळा मागचा नॉब फिरवून फुगवायचा, भोकात हलका घासतोय असं जाणवलं की थांबायचं, बाहेर काढून मायक्रोमीटरनं मापायचं. म्हणून अर्धं काम मायक्रोमीटरचं आहे, आणि तो ०.००१ मिमी वाचणाराच हवा. ५.५ मिमी स्टेमच्या पेट्रोल इंजिनांत साधारणपणे दिसणारे आकडे पाहा: नव्या गाइडचं भोक ५.५०० ते ५.५१२ मिमी, इनटेकचा प्ले ०.०२० ते ०.०४७ आणि मर्यादा ०.०७, एक्झॉस्टचा ०.०४५ ते ०.०७२ आणि मर्यादा ०.०९. चांगल्या आणि बाद गाइडमधला फरक शतांश मिलिमीटरच्या एक-दोन घरांचा आहे, तिथे ०.०१ चा मायक्रोमीटर काय निवाडा देणार? अंतिम आकडे अर्थातच त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलेच धरा.

आधी गाइड नायलॉन किंवा पितळी ब्रशनं सॉल्व्हंट घालून साफ करा आणि हवा मारा. भिंतीवर कार्बन राहिला तर भोक लहान भरतं आणि गेलेली गाइड पास होते. प्रत्येक गाइडची सहा मापं घ्या: वरच्या तोंडापासून ५ मिमी आत, मध्यभागी, खालच्या तोंडापासून ५ मिमी आत, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एक दिशा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा आर्म) ज्या बाजूनं ढकलतो ती, दुसरी तिला काटकोनात. रॉकरचं टोक स्टेमच्या वरच्या टोकावर कमानीत सरकतं आणि स्टेमला बाजूला रेटतं, त्यामुळे गाइड गोल न झिजता लांबट होते, दोन्ही तोंडांना घंटेसारखी पसरते आणि मधला भाग बऱ्याचदा शाबूत राहतो. बकेट टॅपेटच्या, म्हणजे कॅम थेट व्हॉल्व्हवरची वाटी दाबतो अशा, इंजिनांत हा बाजूचा रेटा कमी. एक्झॉस्टचं खालचं तोंड उष्णतेनं आणि स्टेमवरच्या कार्बनच्या खरडण्यानं जास्त जातं. सीएनजीवर दिवसभर चालणाऱ्या टॅक्सीत व्हॉल्व्हला पेट्रोलचा ओलावा मिळत नाही, म्हणून तिथे सीट आणि गाइड दोन्ही बारकाईनं पाहावं.

स्टेमही वेगळा मापा: तीन उंचीवर, दोन दिशांनी. कॉटरच्या (स्प्रिंगची टोपी स्टेमला धरणाऱ्या खुंटीच्या) खाचेखालचा न घासलेला भाग मूळ माप सांगतो. नखाला पायरी लागली तर व्हॉल्व्हच बाद. एकाच जागी तीनदा गेज घालून तिन्ही वाचनं ०.००५ मिमीच्या आत आली तरच माप धरा.

स्वस्त संचाची उणीव नेमकी इथेच दिसते. नॉबमध्ये ढिलाई असते, थोडं उलट फिरलं की गोळा मिटतो आणि भोक होतं त्यापेक्षा लहान वाचलं जातं. घेताना दुकानातच ६ मिमीच्या माहितीतल्या भोकात किंवा सेटिंग रिंगमध्ये (अचूक मापाच्या कड्यात) चालवून पाहा. ५ मिमी स्टेमच्या गाइडला हा संच गैरसोयीचा, कारण ते माप पहिल्याच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला येतं, आणि दोन्ही गेज टोकावर नीट जाणीव देत नाहीत. तसं काम नेहमीचं असेल तर वेगळा बोअर गेज घ्या. पावसाळ्यात वापरानंतर पुसून पातळ ऑइलचा हात फिरवला नाही, तर गोळ्यावर गंज बसतो आणि गेज फेकावा लागतो.

बरेच जण याऐवजी गो-नो-गो पिन, म्हणजे भोकात जाते की अडते एवढंच दाखवणारी ठराविक मापाची पिन, वापरतात. पिन स्वस्त आणि झटपट, पण ती सर्वांत अरुंद जागेला अडते. तोंडं पसरलेली आणि मध्य चांगला असलेली गाइड पिन आनंदानं पास करते. गाइड पूर्ण गेली आहे एवढंच ती खात्रीनं सांगू शकते.

डायल इंडिकेटरची (टोकाची हालचाल काट्यानं दाखवणाऱ्या साधनाची) पद्धत जलद चाचणीला छान. व्हॉल्व्ह सीटपासून मॅन्युअलमध्ये सांगितला तेवढा वर उचलायचा, डायलचं टोक व्हॉल्व्हच्या चकतीच्या कडेला लावायचं, दोन्हीकडे हलवायचं. दोन गोष्टी इथे फसवतात. एक, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला मॅग्नेटिक बेस चिकटत नाही, म्हणून हेडच्या बोल्टच्या भोकांवर ६ मिमी जाडीची स्टीलची पट्टी आवळून तिच्यावर स्टँड बसवा. हेड उचलून व्हाइसच्या जबड्याला बेस लावला तर डायल हेडच्या हलण्याचंच माप देतो. दुसरी, डायलवरचा आकडा म्हणजे प्ले नव्हे. गाइड ४० मिमी लांब आणि माप घेण्याची जागा तिच्या खालच्या तोंडापासून २० मिमी असेल, तर ०.०५ मिमी प्लेला काटा ०.१० दाखवतो. व्हॉल्व्ह जितका बाहेर, आकडा तितका मोठा. मॅन्युअलमधली या हलण्याची मर्यादा वेगळी दिलेली असते, ती प्लेच्या मर्यादेशी तोलू नये.

मापं हाती आली की लेथवाल्याकडे कागदावर प्रत्येक सिलिंडरची इनटेक-एक्झॉस्ट वाचनं लिहून द्या. मर्यादेपलीकडची गाइड बदलायचीच. नुसतं नवं सील बसवलं तर हलणारा स्टेम त्याचं ओठ लवकरच खराब करतो आणि धूर परत येतो. नर्लिंग करून (आतल्या भिंतीवर खाचा दाबून कडा उठवून) भोक आवळणं म्हणजे तात्पुरता इलाज, गाडी विकण्याआधी करतात तसा. नवी गाइड हेड तापवून दाबली जाते, मग रीमरनं (भोक बारीक कापणाऱ्या हत्यारानं) मापात आणली जाते आणि त्यानंतरच सीट कापली जाते, कारण सीट कापणाऱ्या हत्याराचा पायलट (दिशा धरणारा दांडा) गाइडच्याच भोकात बसतो. सीट आधी कापून गाइड नंतर बदललेली असेल, तर हेड परत घेण्याआधी सीट पुन्हा कापून घ्या.