ठोसा पचवण्याची ताकद : नोंदी पाहाव्यात की लढत?

हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनगटातला मुष्टियोद्धा किती मार पचवू शकतो, हे ठरवायला दोन वाटा आहेत. त्याच्या कारकिर्दीच्या नोंदी उघडून तो किती वेळा हरला आणि त्यांपैकी किती लढती वेळेआधी थांबल्या हे मोजायचे, ही एक. आणि त्याच्या मोजक्या लढती लावून, जबर ठोसा बसल्यानंतरचे अर्धे मिनिट नीट पाहायचे, ही दुसरी. मी बरीच वर्षे पहिल्या वाटेने गेलो. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे ‘पराभव’ आणि ‘त्यांपैकी नॉकआउट’ (म्हणजे वेळेआधी थांबलेल्या लढती) असे दोन रकाने असत. आता मी बहुतेक वेळा दुसरी वाट धरतो, पण पहिली निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही.

नोंदींचा मोठा गुण असा, की त्या आपल्या आवडीनिवडीला जुमानत नाहीत, आणि आकडा मोठा असला तर त्या खरोखर बोलतात. कॅनडाचा जॉर्ज चुवालो ९३ व्यावसायिक लढती खेळला आणि एकदाही खाली पडला नाही. १९६६ साली टोरांटोत मुहम्मद अलीसमोर तो पूर्ण १५ फेऱ्या उभा राहिला. जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांनी त्याला हरवले तेव्हा लढत थांबवावी लागली, पण पाडणे त्यांनाही जमले नाही. इतका पुरावा हाती असताना चित्रफीत पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

माझा नोंदींवरचा विश्वास उडाला तो दोन नावांमुळे. लेनॉक्स लुईस ४४ लढती खेळला आणि दोन हरला. दोन्ही वेळेआधी थांबलेल्या. व्हिताली क्लिच्को ४७ लढती खेळला आणि दोन हरला. त्याही दोन्ही वेळेआधी थांबलेल्या. माझ्या वहीत दोघांपुढे अगदी सारखेच आकडे होते आणि त्यांच्या आधारे मी दोघांना एकाच पंक्तीला बसवले होते. प्रत्यक्षात लुईसला १९९४ साली वेम्ब्लीत ऑलिव्हर मॅक्‌कॉलच्या आणि २००१ साली दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानच्या एकेका उजव्या ठोशाने आडवे केले होते, तर व्हिताली आयुष्यात कधी खाली पडलाच नाही. २००० साली बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध गुणांवर पुढे असताना त्याचा खांदा निकामी झाला म्हणून त्याने नवव्या फेरीनंतर माघार घेतली, आणि २००३ साली डोळ्यावरच्या खोल जखमेमुळे डॉक्टरांनी त्याला सहाव्या फेरीनंतर पुढे जाऊ दिले नाही. खांदा, पापणी आणि हनुवटी (मुष्टियुद्धात ठोसा पचवण्याच्या ताकदीला हेच नाव आहे) या तिन्हींचा हिशेब एकाच रकान्यात मांडणारी बेरीज मला पुढे कधीच पटली नाही.

ती २००३ची लॉस एंजेलिसमधली लढत या दोघांचीच होती, त्यामुळे तुलना करायला तिच्याइतके चांगले साधन नाही. दुसऱ्या फेरीत व्हितालीचा उजवा ठोसा बसताच लुईसची पावले विस्कटतात. तो मागे सरतो, प्रतिस्पर्ध्याचे हात अडकवायला मिठी मारतो, वेळ काढतो, पण पडत नाही. सहाव्या फेरीत लुईसचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, व्हितालीचे डोके मागे फेकतो, आणि तरी व्हितालीचे पाय जागेवरच राहतात. माझ्या मते या दोन प्रसंगांतून दोन गोष्टी दिसतात : व्हितालीची हनुवटी लुईसपेक्षा भक्कम होती, आणि लुईसचीही त्याच्या नोंदींवरून वाटते तितकी कच्ची नव्हती.

पायांकडे पाहण्याची सवय मला स्वतःच्या अनुभवाने लागली. कॉलेजच्या दिवसांत सरावाच्या वेळी मी समोरून येणारे कितीतरी ठोसे सहन केले, कारण येताना दिसले की मान आपोआप ताठ होत असे. एकदा मात्र बाजूने वळून आलेला हलकासा ठोसा, म्हणजे हुक, दिसलाच नाही. वेदना जाणवली नाही. फक्त डावा गुडघा माझा राहिला नाही आणि दोरखंड हाताला लागल्यावर कळले की मी तिरका चाललो आहे. डोके झटक्यात फिरते तेव्हा मेंदूला धक्का बसतो, आणि सावध असलेली मान ते फिरणे काहीसे रोखते. त्यामुळे ठोसा किती जोराचा होता याइतकेच, तो दिसला होता का, हेही विचारावे लागते. हा प्रश्न नोंदींना विचारता येत नाही.

विजयाच्या आणि बरोबरीच्या नोंदी तर याहून अधिक लपवतात. १९७९ साली सातव्या फेरीत अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने लॅरी होम्स सपशेल कोसळला, उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. २०१८ साली डिऑन्टे वाइल्डरने बाराव्या फेरीत टायसन फ्युरीला पाठीवर पाडले. फ्युरी पंचाचे दहा आकडे मोजून संपण्याआधी उठला, राहिलेल्या वेळात उलट चालून गेला, आणि कागदावर राहिली ती फक्त ‘बरोबरी’. पडणे आणि सावरणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. मला दुसरी अधिक मोलाची वाटते, अर्थात यावर मतभेद असू शकतात.

लढत पाहण्याच्या पद्धतीतही उणिवा आहेत, हे मान्य केले पाहिजे. कॅमेऱ्याच्या कोनामुळे निसटता ठोसा भरीव वाटतो, आणि दम संपल्यामुळे पडलेला माणूस कच्च्या हनुवटीचा भासतो. १९७४ साली किन्शासात अलीविरुद्ध फोरमनचे बरेचसे असेच झाले. शिवाय ही ताकद कायम टिकत नाही. मनिलात १९७५ साली फ्रेझरचा मार झेललेला अली पाहून १९८०चा अली ओळखता येत नाही, म्हणून शक्यतो अगदी अलीकडची लढत निवडावी.

ज्यांना एखाद्या नव्या हेवीवेटबद्दल मत बनवायचे आहे, त्यांनी आधी नोंदींतून त्याला कोणी दुखावले असेल ती लढत शोधावी आणि मग तीच दोनदा पाहावी : एकदा ठोशासाठी, एकदा फक्त पायांसाठी. अशी लढत सापडलीच नाही, तर वीस विजय आणि शून्य पराभव असले तरी त्याच्या नावापुढचा रकाना मी कोराच ठेवतो.