डिझाइन केवढं आणि कुठे: दोन फ्रेम आठ महिने वापरल्यानंतर

एका सुईचं घरगुती भरतकामाचं मशीन, कापड धरून ठेवणाऱ्या 100×100 आणि 130×180 मिलिमीटरच्या दोन फ्रेम, 40 नंबरचा पॉलिस्टर धागा. वापर आठ महिन्यांचा आणि जवळजवळ सगळा तयार कपड्यांवर: टी-शर्ट, पोलो, शर्ट, हुडी, लहान मुलांचे कपडे. मशीन टाके नीट घालतं, त्याबद्दल तक्रार नाही. कपडे वाया जातात ते डिझाइनचा आकार किंवा जागा चुकल्यामुळे, म्हणून हा अनुभव तेवढ्यापुरताच लिहिला आहे.

मोठी फ्रेम मिळाली की पहिला मोह ठरलेला: फ्रेमभर डिझाइन. छातीवर 13 सेंमी रुंद नक्षी टेबलावर फार सुंदर दिसते, पण कपडा अंगावर चढला की तिची बाहेरची कड मुंढ्याकडे वळून दिसेनाशी होते. फ्रेमचं माप म्हणजे मशीन कुठवर टाका घालू शकतं एवढंच. कपड्यावर केवढं डिझाइन बसेल हे शिवणी, बटणपट्टी, खिसा आणि अंगाचा उंचवटा यांच्यामध्ये किती सपाट जागा उरते त्यावर ठरतं. ती जागा आधी टेपने मोजायची, मग डिझाइन निवडायचं. आठ महिन्यांत मोठ्यांच्या डाव्या छातीसाठी 7.5 ते 9 सेंमी रुंदीच कायम चांगली दिसली. 10 सेंमी ही शेवटची हद्द, तीही लांबट, कमी उंचीच्या नावासाठी. गोल किंवा चौकोनी चिन्ह असेल तर 7 ते 7.5 सेंमी पुरे, कारण तेवढ्याच रुंदीत ते लांबट नावापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. लहान मुलांच्या कपड्यांवर 5 ते 6 सेंमी.

आता जागा. गळ्याची शिवण आणि खांद्याची शिवण जिथे मिळतात, तिथे टेपचं टोक धरून सरळ खाली या. मध्यम मापाच्या पोलो किंवा टी-शर्टवर डिझाइनचा मध्य 18 ते 20 सेंमीवर येतो. मोठ्या मापांत 21 ते 23, छोट्या मापात 17 च्या आसपास. आडवं अंतर मधल्या रेषेपासून, म्हणजे बटणपट्टीच्या मध्यापासून, 10 ते 12 सेंमी. स्त्रियांच्या फिटिंगच्या कपड्यांत डिझाइन छातीच्या उंचवट्यावर आलं तर अक्षरं फाकतात आणि खालचा भाग जमिनीकडे वळतो, म्हणून तिथे 2 ते 3 सेंमी वर घ्यावं. पोलोवर एक सोपी पडताळणी आहे: मुंढ्याच्या तळापासून आडवी रेघ धरा, डिझाइनची खालची कड तिच्या खाली उतरली नाही तर जागा बहुतेक बरोबर असते. आणि डावी बाजू म्हणजे घालणाऱ्याची डावी. शर्ट टेबलावर सुलटा पसरला की ती आपल्या उजव्या हाताला येते. घाईत ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत, शेवटचा निर्णय कागदी टेम्प्लेट देतं. या आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी ठरलेली वस्तू तीच. सॉफ्टवेअरमधून डिझाइन आडव्या-उभ्या मध्यरेषांसकट 100 टक्के मापात छापायचं. ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर प्रिंटर गुपचूप 4-5 टक्के आकार कमी करतो, म्हणून छापलेल्या रेषेवर पट्टी ठेवून बघायचीच. कागद कापून घ्या, कपडा अंगावर किंवा डमीवर चढवा, टेम्प्लेट टाचणीने लावा आणि दोन मीटर लांबून बघा. टेबलावर मधोमध वाटणारं डिझाइन अंगावर हमखास खाली आणि बाहेर सरकलेलं दिसतं, कारण अंगावर कापड बाजूंनी वळतं आणि खांद्यापासून लटकतं.

जागा पटली की मध्यबिंदूवर टेम्प्लेटला भोक पाडून खूण करा, आणि दुसरी खूण आडव्या मध्यरेषेवर निदान 8 सेंमी लांब. एका खुणेने जागा कळते, कल कळत नाही. 9 सेंमी रुंद नाव फक्त 2 अंश कललं तरी एक टोक दुसऱ्यापेक्षा 3 मिमी खाली जातं, आणि शेजारी बटणपट्टीची सरळ कड असल्याने ते लगेच खुपतं. खुणेसाठी पाण्याने जाणारं पेन वापरलं असेल तर शाई थंड पाण्याने पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती कापडात कायमची बसते.

सरळ रेषा कशावरून धरायची? पोलोवर बटणपट्टीवरून. खिशाच्या शर्टावर खिशाच्या वरच्या कडेवरून, नाव त्या कडेच्या 1 ते 1.5 सेंमी वर आणि खिशाच्या रुंदीच्या मध्यावर. साध्या टी-शर्टवर मात्र खालची दुमड आणि बाजूच्या शिवणी यांवर विसंबू नका. विणीचं, म्हणजे टी-शर्टचं ताणलं जाणारं, कापड धुतल्यावर पिळतं, बाजूची शिवण पुढे येते आणि तिच्याशी काटकोन साधून भरलेलं डिझाइन अंगावर तिरकं दिसतं. दोन्ही खांद्यांची टोकं जुळवून शर्ट उभा दुमडला की मिळणारी मधली घडी जास्त खरी.

आकार बदलण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त धागा तिथेच तुटतो. डीएसटीसारख्या फाइलमध्ये फक्त टाके असतात, आकार नसतात. ती फाइल मशीनवरच 80 टक्के केली की पुष्कळ मशीन टाके तेवढेच ठेवतात आणि जागा तेवढी कमी करतात. रुंदी 80 टक्के, उंची 80 टक्के, म्हणजे क्षेत्रफळ 64 टक्के. तेच टाके आता जवळजवळ दीडपट दाटीने बसतात. 40 नंबरच्या धाग्याला ओळींमधलं 0.4 मिमी अंतर साधारण योग्य असतं, ते 0.32 वर येतं. असा तुकडा जवळून पाहिला तर सॅटिन टाक्याच्या, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांनी भरलेल्या पट्टीच्या, कडा फुगलेल्या दिसतात, गोल अक्षरांच्या पोटातली पोकळी बुजलेली असते, उलट्या बाजूला बॉबिनच्या धाग्याची गाठ साचते आणि बोट फिरवलं की पुठ्ठ्यासारखं लागतं. सुई त्याच भोकांत पुन्हा पुन्हा जाऊन पातळ कापड कापतेही. उलट 120 टक्के केलं तर अंतर 0.48 होतं आणि रंगीत भरावामधून खालचं कापड डोकावतं. सॅटिनची पट्टी 7 मिमीपेक्षा रुंद झाली की लांब सैल टाके बटणात, नखात अडकतात.

म्हणून टाक्यांची फाइल 10 टक्क्यांपलीकडे लहान-मोठी करत नाही. त्यापेक्षा जास्त बदल हवा असेल तर टाके नव्याने मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडून करायचा, आणि तिथेही बारीक रेषा तपासायच्या: 1 मिमीपेक्षा अरुंद सॅटिन टिकत नाही. फार लहान हवं असेल तर तपशील काढून टाकलेली वेगळी आवृत्तीच करून घ्यावी. 15 सेंमीच्या मोरातला प्रत्येक डोळा 6 सेंमीच्या मोरात ठेवायचा हट्ट धरला की शेवटी रंगाचा गोळा उरतो.

अक्षरांची गोष्ट वेगळी, आणि देवनागरीची तर फारच. रोमन मोठी अक्षरं 5 ते 6 मिमी उंचीपर्यंत 40 नंबरच्या धाग्याने वाचता येतात. त्याहून लहान हवी असतील तर 60 नंबरचा, म्हणजे अजून बारीक, धागा आणि 65/9 ची बारीक सुई लागते. देवनागरीला हे माप लावलं की फसतं. शिरोरेषेपासून पायापर्यंत निदान 8 मिमी हवेत, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार धरून एकूण उंची 14-15 मिमी होते. अनुस्वाराचा ठिपका 1.5 मिमीपेक्षा लहान केला तर टॉवेलसारख्या किंवा पिके (पोलोच्या खडबडीत विणीच्या) कापडात तो बुडून जातो आणि नावाचा अर्थच बदलतो. मशीन डिझाइनच्या चौकटीचा मध्य धरतं. ‘गुरु’सारख्या नावात खालच्या उकारांमुळे हा मध्य खाली ओढला जातो आणि नाव वर चढलेलं दिसतं. आपली नजर शिरोरेषा बघते, म्हणून टेम्प्लेटवर शिरोरेषाच ठळक काढून तीच खिशाच्या कडेला समांतर लावावी. शक्य असेल तर शिरोरेषा शेवटी, सलग एका पट्टीत भरून घ्या. प्रत्येक अक्षरासोबत तुकड्यातुकड्याने भरली तर कापड आक्रसून जोडांवर फटी राहतात.

कापडाचाही आकारावर हक्क असतो. पातळ टी-शर्टवर 9 सेंमीचा भरगच्च गोल कितीही नीट भरला तरी भोवती चुण्यांचं कडं येतं आणि तो छातीवर थाळीसारखा ताठ उभा राहतो. अशा कपड्यावर रेषांचं, मोकळं डिझाइन घ्या किंवा आकार 6 सेंमीवर आणा. बॅकिंग, म्हणजे टाक्यांना आधार म्हणून कापडाखाली लावायचा थर, इथे कात्रीने कापायच्या प्रकारचं, म्हणजे कट-अवे, घ्यायचं. फाडून काढायचं बॅकिंग विणीच्या कापडाला पहिल्या काही धुण्यांनंतर आधार देत नाही. ते न ताणणाऱ्या शर्टिंगसाठी ठीक. बॅकिंग फ्रेमच्या बाहेर चारी बाजूंनी 2 सेंमी तरी असावं. कापड फ्रेममध्ये सपाट बसवायचं, ओढायचं नाही. ताणून बसवलेला टी-शर्ट फ्रेममधून सुटताच मूळ मापावर येतो, टाके मात्र ताणलेल्या मापावर अडकलेले असतात, आणि चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. विणीच्या कापडाला 75/11 ची गोल टोकाची सुई. सुती कपडा आधी एकदा धुऊन घ्या, कारण पुढे सूत आटेल आणि पॉलिस्टर धागा आटणार नाही. हुडी, फ्लीस यांवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवली नाही तर बारीक अक्षरं लवेत गडप होतात.

फ्रेमचा नियम: डिझाइन मावेल ती सगळ्यात लहान फ्रेम. 8 सेंमीचं छातीचं डिझाइन 130×180 मध्ये लावलं की भोवतीचं मोकळं कापड सुईबरोबर उचललं जातं आणि बाह्यरेषा भरावापासून सरकते. तेच 100×100 मध्ये जागेवर बसतं. आठ महिन्यांत लहान फ्रेम खूप जास्त वापरली गेली. मोठी फ्रेम हुडीच्या पुढच्या भागाला आणि लांब नावांना लागते, तेही डिझाइन 90 अंश फिरवून.

तयार टी-शर्ट मशीनवर चढवताना कपड्याचा पसारा मशीनच्या मानेच्या उलट्या बाजूला, म्हणजे डावीकडे राहिला पाहिजे. त्यासाठी पुष्कळदा शर्ट उलटा फिरवून लावावा लागतो आणि डिझाइनही 180 अंश फिरवावं लागतं. टेम्प्लेटवर वरच्या बाजूला बाण काढून ते फ्रेम लावेपर्यंत कपड्यावरच ठेवा, म्हणजे उलटं नाव भरलं जाणार नाही. सुरू करण्याआधी सुई हाताने खाली आणून मध्यखुणेवर टेकते का बघा, मग दुसऱ्या खुणेवर नेऊन कल तपासा, मग मशीनला डिझाइनची चौकट फिरवून दाखवू द्या. शेवटी फ्रेमखाली हात घालून पाठीचं कापड किंवा बाही आत आली नाही ना याची खात्री करा. पुढची बाजू पाठीला शिवली गेली तर उसवताना हमखास भोक पडतं.

बाकीच्या जागा थोडक्यात. बाहीवर 6 ते 7 सेंमी रुंदी, खालच्या दुमडीपासून 3-4 सेंमी वर, आणि मध्य खांद्याच्या टोकावरून खाली येणाऱ्या घडीवर. कफावर 1 सेंमी उंचीची अक्षरं, बटणापासून लांब. कॉलरवर भरायचं तर टोकापासून दीड सेंमी सोडून, कारण आतला जाड थर आणि शिवण यांवर सुई घसरते.

पाठीसाठी मात्र हा संच पुरत नाही. मोठ्यांच्या पाठीवर 25 ते 28 सेंमी रुंद डिझाइन शोभतं, वरची कड गळ्याच्या शिवणीपासून 10 ते 12 सेंमी खाली. 130×180 मध्ये जास्तीत जास्त 18 सेंमी मिळतात, ते रुंद पाठीवर पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. दोनदा फ्रेम लावून डिझाइन जोडता येतं, पण जाड जॅकेटवर जोड 1 मिमी जरी चुकला तरी भरावात उभी रेघ उमटते. पाठीची कामं नेहमीची असतील तर निदान 200×300 ची फ्रेम घेणारं मशीनच बघा. तोवर गळ्याखाली, शिवणीपासून 4-5 सेंमीवर, 8 सेंमीचं छोटं चिन्ह भरावं. ते या मशीनवर फार स्वच्छ येतं.