समतेची चित्रपुस्तकं: पावसाळा ते शिमगा वापरल्यावर

चार ते आठ वयाच्या मुलांसाठी जमवलेल्या पंचवीसेक चित्रपुस्तकांबद्दल हे लिहीत आहोत. वापर रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, अंगणवाडीची मोठी मुलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली पहिली-दुसरी. विषय जात, अपंगत्व, मुलगा-मुलगी भेद, घरकामाची वाटणी. बरीचशी विकतची, काही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून उतरवून छापलेली. तिथली पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, श्रेय दिलं की छापायला आणि मजकूर आपल्या बोलीत बदलायलाही मुभा असते.

निम्मा संच खरोखर कामाचा आहे. उरलेली पुस्तकं दिसायला देखणी, पण सगळी दयेवर येऊन संपतात. नव्या मुलीला खेळात घेत नाहीत, ती कोपऱ्यात रडते, मग एक मोठ्या मनाचा मुलगा तिचा हात धरतो. मुलं यातून ‘बिचारीला घ्यावं’ एवढंच उचलतात. तिला घ्यायचं नाही हे ठरवलं कुणी, हा प्रश्न पुस्तकालाच पडलेला नसतो. म्हणून विकत घेण्याआधी दोनच गोष्टी बघाव्यात. गोष्टीतला नियम कुणी केला ते चित्रात दिसतं का? आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः काही करतो का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर पुस्तक मागच्या रांगेत.

मग मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं चाळावीत. उभं कोण, बसलेलं कोण, राबतंय कोण, नाव कुणाला आहे. कातकरी म्हटलं की पिसं आणि पानांचे कपडे, कोळीण म्हटलं की नाचच, असली चित्रं अजूनही निघतात. ज्या मुलांच्या शेजारच्या वाडीत ही माणसं राहतात, त्यांना ती चित्रं काही नवं शिकवत नाहीत, उलट चुकीचं पक्कं करतात. चाकाच्या खुर्चीतली मुलगी दोन पुस्तकांत आहे. एकात ती नुसती हसत बसलेली, दुसऱ्यात ती दुकानापर्यंत पोहोचायला धडपडते. दुसरं पुस्तक इथे फार चालतं, कारण मुलं लगेच विचारतात, ‘ही पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) कशी चढंल?’ पुस्तक तिथेच मिटून बाहेर पडायचं. शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, रेशन दुकान यांपैकी कुठवर चाक जातं ते मुलांनीच बघायचं. पायऱ्या मोजून पाटीवर मांडल्या की बोलायला भरपूर मिळतं.

वाचून दाखवण्याची पद्धत अशी बसली. एका वेळी दहा-बारा मुलं, अर्धवर्तुळात, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. वहीच्या आकाराहून लहान पुस्तक गटाला चालत नाही, मागच्यांना चित्र दिसत नाही. पानावर तीन-चार ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल तर पाच वर्षांची मुलं हातातून सुटतात. तो आधीच पेन्सिलीने कापून ठेवावा. पहिल्या दिवशी प्रश्न नाहीत, नुसती गोष्ट. दुसऱ्या दिवशी दोनच ठिकाणी थांबायचं: ‘या चित्रात कोण बोलत नाहीये?’, ‘इथे तू असतास तर कुठे उभा राहिला असतास?’ विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मगच तोंड उघडा. तिसऱ्या दिवशी मुलांनी चित्रं बघून गोष्ट सांगायची, आपापल्या बोलीत. इथली संगमेश्वरी बोली सुधारून प्रमाण करायला गेलात की निम्मी मुलं गप्प होतात, आणि समतेच्या तासाला ते जरा विचित्रच दिसतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ‘तात्पर्य काय?’ या प्रश्नाने. ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ हे उत्तर मुलांच्या ओठांवर तयार असतं. ते आलं की चर्चा संपली. काही पुस्तकांत हे वाक्य शेवटच्या पानावर छापलेलंच आहे. त्या पानावर कोरा कागद चिकटवलेला बरा.

दुसरी अडचण नाजूक आहे. गाव लहान, कोण कुठल्या वाडीतलं हे सगळ्यांना ठाऊक. जातीचं पान उलटताना वाचणाऱ्याची नजर एका ठरावीक मुलावर गेली तर वर्ग ती टिपतो. ‘तुझ्या घरी काय होतं, सांग’ असं कुणालाही विचारू नये. यावर उपाय म्हणून प्राण्यांच्या गोष्टी सुचवतात. आमचं मत प्रतिकूल आहे. लांडगा जन्मजात लांडगाच असतो, त्यामुळे भेदभाव हा स्वभावच, असा अर्थ निघतो. माणसांनी केलेला नियम माणसांच्याच चित्रात दिसायला हवा.

त्यासाठी कोकणात महाड हाताशी आहे. पण विकतच्या पुस्तकांत बहुधा बाबासाहेबांचा पुतळा दिसतो, तळं दिसत नाही. म्हणून घरचं पुस्तक बनवलेलं चांगलं. ए-३ कागद आडवा-उभा दुमडून आठ चौकोन करा, मधल्या घडीवर दोन चौकोनांएवढा काप द्या, मिटला की आठ पानं होतात. पहिल्यावर चवदार तळं. मग गुरं पाणी पिताहेत. मग काही माणसांना मनाई. चौथ्यावर कागद आणि शिक्का: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडला, तो संमत झाला आणि पुढे महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. पाचव्यावर तळं तसंच, काठ रिकामा. सहाव्यावर चालत येणारी माणसं, २० मार्च १९२७. सातव्यावर फक्त ओंजळ. आठवं कोरं. चौथ्या आणि पाचव्या पानांमध्ये मुलं हमखास अडतात: कागदावर लिहिलेलं होतं, मग अडवलं का? उत्तर देऊ नका, त्यांना भांडू द्या. या माणसांना नंतर झालेली मारहाण सात-आठ वर्षांच्यांना एका वाक्यात सांगावी, लहानांना नको. आठव्या पानासाठी मोठ्यांना हेही सांगता येतं की तळ्यावरून खटला चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

पालकांना पुस्तकं आधीच चाळायला द्यावीत. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे ऐकावं लागतं, पण पुस्तक हातात घेतलेलं असलं की आवाज खाली येतो. गणपतीत आणि शिमग्यात हजेरी कोसळते, त्या आठवड्यांत नवं पुस्तक काढू नये.

आता टिकाऊपणा. किनाऱ्यावर पिनांची पुस्तकं गंजतात, मधल्या पानांवर तांबूस डाग पडतात. पावसाळ्याआधीच पिना काढून जाड दोऱ्याने तीन भोकांची शिवण घालावी. गोंदाच्या बांधणीची पुस्तकं मधून सुटतात, ती गटवाचनात घेऊच नयेत. गुळगुळीत कागदाची पानं जुलैत एकमेकांना चिकटतात. ओढलीत तर चित्र निघून येतं. लोखंडी कपाट बंद ठेवण्यापेक्षा भिंतीपासून वीतभर दूर उघडी फळी बरी, मधे वेखंडाचे तुकडे. डांबरगोळ्या लहान मुलांच्या पुस्तकांत नकोत. स्टोरीवीव्हरची पानं शाईच्या छपाईयंत्रावर काढलीत तर ओल्या बोटांनी रंग पसरतो, लेझरवरच काढून घ्या. खर्च आवरायचा तर मुखपृष्ठ रंगीत आणि आतलं काळं-पांढरं, मुलं रंगवतात.