लाथेची सूज: चीर द्यायची की थांबायचं?

पाचगणीच्या टेबललँडवर सुट्ट्यांच्या गर्दीत घोडी एकमेकांना खेटून उभी असतात. एखाद्यानं कान पाडले, मागचा पाय उचलला, की शेजारच्याच्या मांडीवर संध्याकाळपर्यंत नारळाएवढा फुगवटा. मग सल्ले दोनच: "चीर देऊन मोकळं कर" नाहीतर "राहू दे, बसेल."

आधी बघा, सूज आली कधी. रक्ताची गाठ लाथेनंतर काही मिनिटांत, फार तर काही तासांत वर येते. बोटानं दाबली तर पाण्याच्या पिशवीसारखी हलते, आणि घोडं चारा नीट खात असतं. गळू चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानंही डोकं वर काढतं. जागा तापते, घोडं हात लावू देत नाही, एका ठिकाणी कातडी पातळ होऊन केस झडतात. थर्मामीटर लावा: घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्यावर गेलं तर पू धरल्याचा संशय घ्यावा.

गळूला चीर लागतेच, पण ते पिकल्यावर आणि डॉक्टरांच्या हातून. खालच्या अंगाला दिली की निचरा होतो. रक्ताच्या गाठीला घाईनं चीर दिली तर थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं आणि आत घाण शिरून खरोखरच पू होतो. मी एकदा आमच्या घोडीची गाठ तापवलेल्या दाभणानं टोचली. तीन आठवडे ती जखम धूत होतो, आणि ती बिचारी मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहायची. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पहिले दोन दिवस फक्त थंड पाणी, पाइपनं पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. विटेचा शेक त्यानंतर.

मला खरी भीती मात्र लहान सुजेची वाटते. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वर किंवा मागच्या पायाच्या पोटरीला, आतल्या अंगाला, हाडावर मांस जवळजवळ नसतंच. तिथं नालेची बोटभर जखम दिसली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. घोडं चालतं, म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि बसून उठताना हाड मोडतं. त्याला चालवू नका, बसू देऊ नका, दुखणं दाबणारं औषध मनानं देऊ नका. डॉक्टरांना जागेवर बोलवा. एक्स-रेसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं, तर टेम्पोत चढवण्याआधी त्या पायाला आधाराची फळी-पट्टी बांधून घ्या. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि कातडी फुटली असेल तर, जखम खिळ्याएवढी असली तरी, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं त्याच दिवशी विचारा.