95 तासांचा बालयोग शिक्षक कोर्स: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

शनिवार-रविवार ऑनलाइन, शेवटचे दोन दिवस हॉलवर, आणि मग 95 तासांचं सर्टिफिकेट. बालयोग शिकवायचा म्हणून शोध घेतला की बहुतेक याच साच्याचे कोर्स समोर येतात. नावं वेगळी, आतला मसाला साधारण सारखा. म्हणून हे परीक्षण त्या साच्याचंच आहे.

95 हा आकडा अमेरिकेतल्या ‘योगा अलायन्स’ या नोंदणी संस्थेचा. तिथे बालयोग शिक्षक म्हणून नोंद करायची तर आधी 200 तासांचं मूळ योगशिक्षक प्रशिक्षण, त्यावर हे 95 तास आणि कोर्सनंतर मुलांना प्रत्यक्ष शिकवलेले 30 तास लागतात. जाहिरातीत 95 ठळक असतं, बाकीचे दोन आकडे शोधावे लागतात. 200 तास न करता थेट इथे आलात तर कोर्स पूर्ण केल्याचा कागद मिळतो, नोंदणी होत नाही. शिवाय नोंदणी म्हणजे सरकारी परवाना नव्हे. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा हा निराळा रस्ता आहे. शाळेने ते सर्टिफिकेट मागितलं तर 95 तासांच्या कागदाने त्याची जागा भरत नाही.

तासांची बेरीज स्वतः करून बघा. दर शनिवार-रविवारी चार-चार तास धरले तर 95 तासांना बारा आठवडे लागतात. ‘दहा दिवसांत पूर्ण’ म्हणजे रोज साडेनऊ तास, आणि ‘पाच दिवसांत’ म्हणजे रोज 19 तास! असं कुठे लिहिलेलं दिसलं की उरलेले तास रेकॉर्डेड व्हिडिओ आणि ‘स्वाध्याय’ या खात्यात टाकलेत असं समजावं. थेट शिकवणीचे तास किती, हे लेखी मागा.

कोर्सची खरी जमेची बाजू म्हणजे वयोगटांची मांडणी. मोठ्यांचा योग शिकवणारे लोक बालवाडीतल्या मुलांना ‘डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या’ म्हणतात आणि दोन मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. इथे ती खोड मोडतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 20 मिनिटं पुरे, सहा ते आठला अर्धा तास, नऊ ते बाराला 40-45 मिनिटं. लहानांना आसन गोष्टीतून द्यायचं आणि एका स्थितीत दोन-तीन श्वासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हाच प्राण्यांचा खेळ दिला तर ती चिडतात. त्यांना नेमकं काय ताणलं जातंय, तोल का जातो, हे सांगावं लागतं.

श्वसनाचा भागही बहुतेक ठिकाणी चांगला असतो. कापसाचा बोळा जमिनीवर ठेवून लांब फुंकर मारत रेघेपार न्यायचा. पाठीवर झोपवून पोटावर तांदळाची 200 ग्रॅमची पुरचुंडी ठेवायची, म्हणजे पोट वर-खाली होतंय हे मुलाला दिसतं. श्वास घेताना तीन आकडे, सोडताना चार. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, पाच वेळा. श्वास रोखण्याचा कुंभक, जोरात आणि जलद श्वासाचे भस्त्रिका, कपालभाती लहानांना नाही. हे ठामपणे सांगणारा कोर्स चांगला. ‘मुलांना सगळं झेपतं, ती लवचीक असतात’ म्हणणारा कोर्स सोडून द्या.

लवचीकपणाचा हा गैरसमज शरीररचनेच्या तासाला निघायला हवा, आणि नेमका तोच तास उरकला जातो. मोठ्यांची स्लाइड दाखवून ‘मुलांमध्येही असंच’ म्हणतात. तसं नसतं. वाढत्या हाडांच्या टोकांना ग्रोथ प्लेट, म्हणजे जिथून हाड वाढतं ते थर, मऊ कूर्चेच्या असतात, सांधे सैल असतात, आणि मूल दुखेपर्यंत ताणून दाखवतं, कारण शेजारच्याने दाखवलेलं असतं. पद्मासनात पाय हाताने ओढून बसवला तर खुब्यात न होणारं वळण गुडघ्यावर येतं. भुजंगासनात मुलं हातांनी जोर लावून मान मागे टाकतात. कोपर वाकवून ठेवायला आणि नजर समोर ठेवायला सांगितलं की कमरेवरचा भार उतरतो. वृक्षासनात तळवा पोटरीवर किंवा मांडीवर, गुडघ्यावर कधीच नाही. शीर्षासन आणि हलासन गटाच्या वर्गात घेऊच नये. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके सैल असतात, त्यामुळे कोलांटी किंवा मानेवर भार येणारं कुठलंही आसन त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही प्रकारच्या एपिलेप्सीत जलद श्वसनाने झटका सुरू होऊ शकतो. दम्याच्या मुलाचा इनहेलर घरी नव्हे, वर्गात हवा. हे सगळं पालकांच्या फॉर्मवर विचारलं जायला हवं, आणि तो फॉर्म कोर्सच्या साहित्यात आहे की नाही हे आधी बघा.

आता मुख्य तक्रार. सराव पाठ. डी.एड. केलेल्यांना हा शब्द माहीत आहे: खरा वर्ग, खरी मुलं, मागच्या बाकावर निरीक्षक, हातात पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी. इथे सराव पाठ म्हणजे कॅमेऱ्यासमोर सहाध्यायी मुलं झाल्याचं नाटक करतात. तिशीतल्या बाई ‘मी मांजर!’ म्हणत शिस्तीत मार्जारासन करतात आणि पाठ उत्तम झाला असा शेरा मिळतो. खरी मांजरं तीन मिनिटांत हॉलभर पळतात, एक जण दुसऱ्याच्या मॅटवर, एकाला शू लागलेली. त्यांना परत गोळा कसं करायचं, हे त्या नाटकातून कळत नाही. समोरासमोर उभं राहून शिकवताना मुलं आरशासारखी नक्कल करतात, म्हणून ‘उजवा पाय’ म्हणताना आपण डावा उचलायचा. ही साधी गोष्टसुद्धा मुलांसमोर चार-पाच पाठ झाल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. निरीक्षकासमोर मुलांना शिकवलेले निदान पाच पाठ नसतील, तर आमच्या मते या फीमधला मोठा भाग वाया जातो.

दुसरी उणीव संख्येची. कोर्समधला नमुना तास बारा-पंधरा मुलांचा, प्रत्येकाला मॅट. आपल्या शाळांत एका तुकडीत 50 मुलं, सतरंजी, आणि पी.टी.चा 35 मिनिटांचा तास. त्यातली पाच-सात मिनिटं ये-जा करण्यात जातात. तास मधल्या सुट्टीनंतरचा असेल तर डबा नुकताच पोटात गेलेला असतो. तेव्हा पुढे वाकणं आणि पालथं झोपणं वगळून उभ्याची आसनं, तोल आणि भ्रामरी एवढंच घ्यावं. अशा तासाला ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘विषामृत’ फार कामाला येतात: विष मिळालं की ताडासनात थिजायचं, अमृत मिळालं की सुटका. हँडआउटमध्ये मात्र इंग्रजीतली जंगल सफारी असते. रथसप्तमीला शाळेत सूर्यनमस्कारांचे आकडे मोजतात, त्याचीही तयारी कोर्समध्ये नसते. आकड्यांच्या मागे लागलं की मुलं कंबर खाली सोडून उड्या मारतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना दोन-तीन सावकाश आवर्तनं पुरेत.

बालसुरक्षेला अर्धा तास मिळाला तरी नशीब. विचारल्याशिवाय हात लावून आसन सुधारायचं नाही, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, एवढं सांगतात. 2012 च्या पोक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, हे सांगितलं जाईल याची खात्री नाही.

फी भरण्याआधी आधीच्या बॅचचं एक निरीक्षण केलेलं पाठ टाचण बघायला मागा. त्यावर ‘छान’ एवढाच शेरा असेल तर पुढचा कोर्स बघा. ‘शवासनात सहा मुलं उठली, दिवा बंद करायला उशीर झाला’ असं काही लिहिलेलं असेल तर नाव नोंदवायला हरकत नाही.